रक्ताचं कुणी नाही

“मिस्टर खोर यांना बहीण नाही,” डॉक्टर थेनमोळी म्हणाली. दुकानात एखादी वस्तू संपल्याचं सांगावं इतक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं. मी अ हियाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिच्या टेबलासमोर उभी होते. पिशवीत त्याचा स्वेटर होता, कारण औषध चढवतात त्या खोलीत त्याला थंडी वाजते. कोमट पाण्याची बाटली होती आणि तो खाणार नाही हे ठाऊक असूनही आणलेली खारी बिस्किटं होती. एरवी त्याच्याबरोबर त्याची बायको येते. त्या दिवशी तिचा घोटा मुरगळला होता, म्हणून मी दुकानातून रजा काढून आले होते. आपण कोण असं डॉक्टरनं विचारलं आणि मी बहीण म्हणाले. यात चुकण्यासारखं काय होतं? पन्नास वर्षं मी दुसरं काही नव्हतेच. नवरा केला नाही, मूल झालं नाही, बिस्किटांच्या दुकानात तर तीस वर्षं लोक मला ‘अगं ए’ म्हणूनच हाक मारतात. बहीण एवढीच एक जागा माझी होती, आणि ती रिकामी आहे असं ही चष्मेवाली पोरगी सांगत होती.

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, असं ती सांगत होती. वर एक चौकोन आणि एक गोल, दोन्हींवर तिरपी रेघ मारलेली, म्हणजे ते वारले. खाली काळा भरलेला एकच चौकोन, तो अ हिया. त्याच्या शेजारी नुसती पांढरी जागा. “त्यांनी स्वतः सांगितलंय,” ती म्हणाली, “रक्ताचं भावंड कुणी नाही. मी दोनदा विचारलं होतं, कारण ते महत्त्वाचं होतं.” मग ती समजावून सांगू लागली. अ हियाच्या आतड्यातल्या गाठीत एक खूण सापडली होती. शरीरात पेशी वाढताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करायची सोय शरीरातच असते. त्याच्या गाठीत ती सोयच बिघडलेली होती. म्हणून तर नेहमीची केमो सोडून त्याला हे नवं औषध दिलं. ही खूण असलेल्या गाठींवर ते चालतं, सगळ्यांवर नाही, जवळपास निम्म्यांवर. पण मग रक्त तपासलं तेव्हा कळलं, की बिघाड नुसत्या गाठीत नाही, जन्मापासून अंगात आहे. आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. “सख्खं भावंड असलं तर त्याच्यातही असायची शक्यता निम्मी. आधी कळलं तर पुष्कळ करता येतं, पुढचं सगळं टाळतासुद्धा येतं. म्हणून विचारते, मिस खोर, तुम्ही नक्की कोण?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “मानलेली.” मी विचार केलाच नाही. जीभ आपली आपण वळली, लहानपणापासून वळत आली तशी. डॉक्टरचा चेहरा सैल झाला. “मग तुम्हाला काही काळजी नाही,” ती म्हणाली आणि पुढच्या स्कॅनची तारीख शोधू लागली.

अ हिया खिडकीजवळच्या खुर्चीत सुई लावून बसला होता. मी स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला. “काय म्हणाली ती?” त्यानं विचारलं. स्कॅनची तारीख दिली, मी म्हणाले. “तारखेला एवढा वेळ?” शोधत होती, मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “तू फार बोलत बसू नकोस तिच्याशी. त्या बाईला सगळं लिहून घ्यायची खोड आहे.” मग त्यानं डोळे मिटले आणि मी नळीतून पडणारे थेंब बघत राहिले. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. तो मला विसरला असेल असं नव्हतं. तिनं दोनदा विचारलं होतं आणि यानं दोनदा नाही म्हटलं होतं.

आम्हा चिनी लोकांच्या पंचांगात प्रत्येक वर्ष एका प्राण्याचं असतं, आणि मी वाघाच्या वर्षात जन्मले. एवढ्यावर भागलं असतं, पण वेळही वाईट निघाली. आयेर इताममधल्या देवळाच्या पायरीशी बसणाऱ्या आंधळ्या ज्योतिष्यानं बोटांची पेरं मोजून सांगितलं, की ही पोर बापाला जड आहे. हिला वाढवायची असेल तर आपली म्हणून वाढवू नका. त्यावरचा उपाय आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. पोरीनं बापाला बाप म्हणायचं नाही, आईला आई म्हणायचं नाही. अ हिया त्यांना अ पा आणि अ बू म्हणायचा. मी त्याच दोघांना अ चेक आणि अ चिम म्हणायला शिकले, म्हणजे काका आणि काकू. कुणी विचारलं की ही कुणाची, तर अ चिम हसून म्हणायची, “नात्यातली आहे, राहते आमच्याकडे.” माणसांना हे खोटं कळायचं, पण ते माणसांसाठी नव्हतंच. वर जो कुणी हिशेब ठेवतो त्याची नजर चुकवायची होती. मला वाटतं तो इतका सहज फसत नसावा, कारण मी तीन वर्षांची असताना अ चेक गेला. पोटाचं दुखणं, एवढंच मला कायम सांगितलं गेलं. चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस, बंदरावर पोती उचलणारा, आणि शेवटी त्याला चटईवरून उचलायला एक जण पुरला म्हणे. नातेवाईक दबक्या आवाजात बोलायचे आणि मी खोलीत गेले की गप्प व्हायचे. एका चुलत आत्यानं मात्र माझ्या तोंडावर म्हटलं, “वाघिणीनं खाल्ला बापाला. उपाय केला म्हणून तीन वर्षं तरी टिकला.” पांढऱ्या पायाची पोर कशी असते हे मी आरशात पाय बघून शोधायचे. माझे पाय चारचौघींसारखेच होते.

अ चेकच्या थडग्याच्या दगडावर अ हियाचं नाव कोरलेलं आहे, मुलगा म्हणून. माझं नाही. दरवर्षी आम्ही गवत कापायला जातो, मी फडक्यानं दगड पुसते, अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवते, आणि दरवर्षी डाव्या बाजूला पुसायला नुसता दगड असतो. लहानपणी मला त्याचं काही वाटत नव्हतं. नजर चुकवायची तर दगडावरही चुकवायला हवी, इतकं तर कळत होतं. पण शाळेत गेल्यावर मुली म्हणू लागल्या, की असं काही नसतं, तुला विकत आणलीय. त्या काळी पुष्कळ घरांत पोरी आणत. कुणाला सहावी-सातवी मुलगी झाली की ती कपड्यात गुंडाळून दुसऱ्याच्या दारात जायची आणि दाखल्यावर त्याच घरची म्हणून चढायची, म्हणजे कागदावरून काही कळत नसे. मी घरी येऊन अ चिमला विचारलं, मी खरी कुणाची? ती मासळी साफ करत होती. तिनं हात धुतले नाहीत, मान वर केली नाही. “छॉय छॉय, असलं विचारू नये,” म्हणाली आणि वाईट शब्द घराबाहेर जावा म्हणून दाराकडे तोंड करून थुंकली. ते हो होतं की नाही, यावर मी किती वर्षं काढली सांगता येत नाही. मरेपर्यंत ती माझ्याशी काकूसारखीच वागली, म्हणजे चांगली वागली. ताटात वाढताना कधी कमी केलं नाही, ताप आला तर कपाळावर हात ठेवला, पण हात ठेवून लगेच उचलायची, जसं काही कुणी बघत होतं.

ती गेली तेव्हा मात्र एक झालं. आमच्यात मुलांनी बाहीवर गोणपाटाचा तुकडा लावायचा असतो आणि पुतण्या-भाच्यांनी निळ्या कापडाचा. क्रिया करवणाऱ्या माणसानं यादी वाचल्यासारखं विचारलं, ही कोण? आत्या म्हणाली, पुतणी. त्यानं निळा तुकडा काढला. अ हियानं तो त्याच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, आणि स्वतः गोणपाटाचा तुकडा घेऊन माझ्या बाहीला टाचणी लावली. टाचणी जरा दंडात घुसली. शाळेची बस चालवून चालवून त्याची बोटं जाड झाली होती आणि त्याला टाचणी नीट धरता येत नव्हती. त्या दिवसानंतर मी कुणाला काही विचारायचं सोडून दिलं होतं. मला वाटलं होतं, प्रश्न मिटला. आणि त्याच माणसानं आता एका परक्या बाईला दोनदा सांगितलं होतं, की मला कुणी नाही.

रविवारी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. अ सो, माझी वहिनी, पाय स्टुलावर ठेवून लसूण सोलत होती. अ हिया पंख्याखाली बसला होता. पहिल्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्यानं आटल्या होत्या तेव्हा त्याला भूक लागायला लागली होती, गालही भरले होते, आणि अ सोनं सगळ्या मजल्यावर संत्री वाटली होती. आता पुन्हा गळ्याची हाडं दिसत होती. मी बसलेही नाही. “अ हिया, तू डॉक्टरला सांगितलंस तुला बहीण नाही.”

“नाहीच आहे.”

“आणि मी?”

“तू वाघीण. जंगलातून आलेली.”

“पुरे की,” अ सो म्हणाली. “आली नाही तोवर हिचं सुरू, आणि तुमचंही.”

“थट्टा नकोय मला. पन्नाशीची बाई आहे मी. एकदा काय ते सांग.”

तो पंख्याकडे बघत एका सुरात, आधीच ठरवून ठेवल्यासारखं, बोलला. “केदाहहून आणली तुला. सुंगाई पटानीच्या पुढं रबराचा मळा होता. एका बाईला सहा मुली होत्या, तू सातवी. अ बू बसनं गेली आणि कोंबड्यांच्या टोपलीत घालून तुला घेऊन आली. मी सहा वर्षांचा होतो. मी बघितलंय. टोपलीला पिसं चिकटलेली होती. झालं समाधान?”

अ सोच्या हातातली सुरी थांबली होती. मला त्या पिसांनी मारलं. माणूस थाप मारतो तेव्हा पिसं घालतो का? की तेव्हाच घालतो? मी चपला घातल्या आणि निघाले. लिफ्टशी उभी होते तेव्हा तो भिंतीला धरत धरत मागून आला. एवढं चालायलाही त्याला धाप लागली होती. “ग्वात हून,” तो म्हणाला. तो मला नावानं क्वचितच हाक मारतो. “डॉक्टरच्या त्या कागदात नाव घालू नकोस. तिथं एकदा नाव चढलं ना, की ते दुखणं माणसाला शोधत येतं. अ पाचं चढलं. माझं चढलं.”

“मग माझं काय? मी तर मळ्यातली.”

“म्हणून तर सांगतोय,” तो म्हणाला, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

दुसऱ्या कुणाला ते ऐकून उलगडा झाला असता. मला झाला नाही. मी बिस्किटांचे डबे भरताना, बसमध्ये, आंघोळ करताना तेच वाक्य उलटंसुलटं करून पाहत होते. तो मला लपवत होता म्हणावं, तर त्यासाठी मी त्याची असायला हवी. पण नसले तरी त्यानं हेच केलं असतं. परक्या पोरीला आपल्या घरचं दुखणं चिकटू नये म्हणून. तो तसाच आहे. पावसात बस थांबवून दुसऱ्याच्या मुलांना दारापर्यंत छत्रीतून सोडणारा. त्याच्या मायेवरून काही सिद्ध होत नव्हतं, आणि मला माया नको होती, मला उत्तर हवं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तो मरायला टेकलाय यापेक्षा, तो उत्तर न देता मरेल याची मला भीती वाटत होती.

मी पुन्हा डॉक्टर थेनमोळीकडे गेले. “त्या दिवशी मानलेली म्हणालात,” ती म्हणाली. आज सख्खी आहे, मी म्हणाले. ती हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि हळू बोलली, “एक लक्षात घ्या. ही तपासणी नातं सांगत नाही. तुमच्यात बिघाड निघाला नाही, तर तुम्ही त्यांच्या बहीण नाही असं होत नाही. निम्म्या भावंडांत तो नसतोच. नातं बघायची तपासणी वेगळी, त्याला त्यांचं रक्त आणि त्यांची संमती लागते.” संमती तो द्यायचा नाही, हे मला माहीत होतं. “आणि निघाला तर?” मी विचारलं. “तर मग प्रश्नच नाही. नेमका तोच बिघाड, त्याच जागी, योगायोगानं येत नाही.” म्हणजे चांगल्या निकालाला उत्तर नव्हतं. उत्तर फक्त वाईट निकालाकडे होतं. मी बाही वर केली.

निकाल यायला काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत अ हियाचं दुसरं स्कॅन झालं. औषध चालायचं थांबलं होतं. यकृतात नवे डाग आले होते. ज्या निम्म्यांवर ते चालतं त्यांत तो होता, मग निघून गेला. का, ते डॉक्टरला सांगता आलं नाही. तिनं दुसरी औषधं सुचवली, पण सुचवताना तिचे डोळे अ सोकडे होते, अ हियाकडे नव्हते. तो म्हणाला, घरी जाऊ. मी रोज दुकान सुटलं की जायचे. तो पेज दोन चमचे घ्यायचा आणि वाटी सरकवायचा. मी शेजारी बसून त्याचं तोंड बघायचे. कान, भुवया, अंगठ्याचं नख. त्याचा अंगठा बोथट आहे, माझाही आहे. बिस्किटांच्या दुकानातल्या मलयी मुलीचाही आहे. मनातल्या मनात मी रोज मागत होते, की निघू दे. देवघरात उभी राहिले की उदबत्ती हातात धरून तेच मागायचे आणि मग घाबरून, काय मागतेय मी, म्हणून जीभ चावायचे. धडधाकट बाई आपल्या पोटात कीड मागत होती, का तर दगडावरच्या रिकाम्या जागेत बसायला मिळावं.

निघाला. डॉक्टर थेनमोळीनं कागद माझ्यापुढे ठेवला आणि अ हियाच्या कागदावर त्या बिघाडाची जी अक्षरं होती त्यांच्याशेजारी माझी अक्षरं ठेवली. तीच होती. भीती वाटायला हवी होती, पण आधी आलं ते हसू. मला ते आवरेना. डॉक्टर घाबरली, उठून पाणी आणायला निघाली, मी तिला हात धरून बसवलं. मी अ चेकची मुलगी होते. अ चिमनं मला पोटात वाढवलं होतं आणि आयुष्यभर ते दाबून ठेवलं होतं. टोपली नव्हती, मळा नव्हता, पिसं त्यानं बसल्या जागी चिकटवली होती. आणि मग आणखी एक गोष्ट हळूहळू वर आली, आणि हसण्याचं रडणं झालं. मी कुणाला खाल्लं नव्हतं. मी जन्मायच्या आधीपासून ते अ चेकच्या अंगात होतं. मी बापाला काही केलं नव्हतं, बापानंच मला दिलं होतं. त्याच्याकडे द्यायला जे होतं त्यातलं. पन्नास वर्षं मी त्या माणसाच्या फोटोपुढे मान खाली घालून उभी राहिले होते. डॉक्टर काय काय सांगत होती, दरवर्षी कॅमेऱ्यानं तपासायचं, गर्भाशयाचंही बघून घ्यायचं, वेळेवर सापडलं तर माणसं सत्तरी-ऐंशी गाठतात, घाबरू नका. मी मान हलवत होते. पुढच्या महिन्याची तारीख घेतली. डॉक्टरनं स्क्रीनवर त्या काळ्या चौकोनाशेजारी एक गोल काढला आणि तो आडव्या रेघेला जोडला. मी तो डोळे भरून पाहिला.

तिथून मी थेट त्यांच्या घरी गेले. बसमध्ये मी वाक्य तयार करत होते. अ हिया, मी सख्खी आहे. अ हिया, खोटारड्या, कुठायत तुझ्या कोंबड्या? त्याला हसवायचं होतं मला. दार अ सोनं उघडलं. ती मला दारातच म्हणाली, “तुझ्या दंडावरची पट्टी मी बघितली होती त्या दिवशी. बोलून बसले त्याच्याशी. तेव्हापासून रोज विचारतोय, आलं का, आलं का. जेवण सोडलंय.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझी चाहूल लागली तसा वळला आणि कोपरावर उठला. दुखण्यानं पिवळा पडलेला तो चेहरा मी रोज बघत होते. पण असा नव्हता बघितला. स्वतःच्या स्कॅनचा निकाल ऐकताना त्याची पापणी हलली नव्हती. आता त्याचे ओठ कोरडे पडले होते.

“काय निघालं?”

माझ्या पिशवीत कागद होता, ओठांवर वाक्य होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या सबंध आयुष्यात त्यानं मिळवलेलं असं फारसं काही नव्हतं. बस मालकाची, फ्लॅट भाड्याचा, मूल नाही, औषधानंही साथ सोडलेली. एक गोष्ट त्यानं जपली होती, आणि ती साधली की नाही एवढंच त्याला जाण्याआधी कळायला हवं होतं.

“काही नाही,” मी म्हणाले.

“नीट बघितलं त्यांनी?”

“दोनदा बघितलं. मुळीच नाही म्हणाली.”

त्याचा जीव भांड्यात पडला. कोपर सुटला आणि तो उशीवर कोसळला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. “अ बू मला सांगून गेली होती,” तो म्हणाला, आता धाप लागत, जवळजवळ आनंदानं. “तिला आपली म्हणू नकोस, म्हणायची. आपण आपली म्हटली नाही तर ती जगेल. बघ. जगलीस.” अ सो दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. अ हियानं माझा अंगठा आपल्या मुठीत धरला. “सांगत नव्हतो? तू आमची नव्हेसच.”

“नव्हेच मुळी,” मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्याचे पाय सरळ झाले. त्याला झोप लागेपर्यंत मी तिथंच बसून राहिले, घरी आलेल्या परक्या बाईसारखी, दुसरा हात मांडीवर ठेवून.